गोदावरी पूर्वेकडेच का जाते?

त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तरी ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णा आणि कावेरीचंही तेच. यामागचं कारण समजून घेतलं, की भारतीय द्वीपकल्पाचा भूगोल आणि त्याचा बराचसा इतिहास उलगडत जातो.

या द्वीपकल्पाचा पाया फार जुना आहे. कर्नाटकातल्या काही खडकांचं वय तीन अब्ज वर्षांहून अधिक भरतं. हा भूभाग पूर्वी गोंडवन या महाखंडात होता. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर त्याच्यापासून तुटलं. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचत गेले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे म्हणजे हेच थर. भूखंड तुटण्याच्या या घडामोडींत पश्चिमेची कड उंचावली. पाटाच्या एका बाजूखाली उटकण सारावं, तसं अख्खं पठार पूर्वेकडे कललं आणि पाणी त्या उताराने निघालं. नर्मदा आणि तापी मात्र खचलेल्या दऱ्यांमधून वाहतात, म्हणून त्या पश्चिमेला जातात.

कड उंच असल्याने मोसमी ढग तिथेच अडतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याला पाचशे मिलिमीटरसाठी आभाळाकडे बघावं लागतं. पूर्व किनाऱ्यावर नद्या संथ होतात, गाळ टाकतात आणि भाताचे सुपीक त्रिभुज प्रदेश घडवतात. पश्चिमेला कोकणची चिंचोळी पट्टी आणि खाड्या. बंदराला जागा उत्तम, पण माल देशावर न्यायचा तर सह्याद्री चढण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून घाटवाटांना मोल आलं. जुन्नरजवळचा नाणेघाट हा त्यांतला मोठा साक्षीदार. कातळात खोदलेली वाट माथ्यावर येते, तिथे एक भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरा सांगते. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची नावं आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं उरली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्याही पूर्वेला दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. तेरचं कापड आणि पैठणचे मौल्यवान दगड गाड्यांवरून बंदरापर्यंत जात.

दक्षिणेत सह्याद्रीची ही भिंत पालघाटपाशी सुमारे तीस किलोमीटर तुटते. त्या खिंडीमुळे केरळचा किनारा तमिळ मैदानाशी सहज जोडला गेला. मुझिरिस बंदरातून मिरी रोमन जहाजांवर चढे. कोइंबतूर परिसरात सापडलेली रोमन नाणी याच वाटेची खूण सांगतात. पूर्व किनाऱ्यावर पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूतही भूमध्य सागरी प्रदेशातले मद्यकुंभ उत्खननात मिळाले आहेत.

पठाराच्या पूर्वेकडच्या या उताराशी आपला व्यवहार अजून संपलेला नाही. पूर्वेकडे कृष्णेला मिळणारी कोयना आपण धरणाने अडवली. तिचं बरंचसं पाणी बोगद्यांतून कोकणात पाडून वीज करतो. त्यानंतर ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. राज्याला वीज हवीच, पण उतारावरची दुष्काळी गावंही त्याच खोऱ्यातल्या पाण्यावर अवलंबून आहेत. पाणीवाटपाची चर्चा करताना नकाशावर आधी हा उतार पाहावा. पाणी वळवण्याची किंमत कोणत्या गावांना मोजावी लागते, ते त्याशिवाय कळत नाही.