सलाईनची बाटली की ओआरएसचे पाकीट?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमू लागतात, आणि त्याच दिवसांत वस्तीत जुलाब-उलट्यांचा आजारही सुरू होतो. पावसात गटारे तुंबतात, नळाला गढूळ पाणी येते आणि गल्लीगल्लीत कोणी ना कोणी पोट धरून बसलेले दिसते. मग दवाखान्यात गेल्यावर आपणच म्हणतो, "डॉक्टर, अंगात त्राणच नाही, एक बाटली लावा." बाटली लागते, सोबत एक-दोन इंजेक्शने होतात आणि चार-पाचशे रुपये सहज जातात. घरकाम करणाऱ्या किंवा नाक्यावर उभे राहणाऱ्या माणसाची ती दिवसाची कमाई असते. हातात पैसे नसले तर बचत गटातून उचल घ्यावी लागते, नाहीतर व्याजाने.

हा खर्च करण्याआधी त्या बाटलीत काय असते ते समजून घेतले पाहिजे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. औषधालाही तोच नियम लावू या.

बाटलीत असते काय?

साधे सलाईन म्हणजे निर्जंतुक केलेले मिठाचे पाणी. शंभर मिलिलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ असे त्याचे प्रमाण असते. म्हणजे ५०० मिलिलिटरच्या पूर्ण बाटलीत मीठ फक्त साडेचार ग्रॅम. चहाच्या एका सपाट चमच्याहून ते थोडे कमीच भरते.

दुसऱ्या प्रकारच्या बाटलीत ग्लुकोज असते. लोक तिलाच "ताकदीची बाटली" म्हणतात. तिच्यात बहुधा पाच टक्के ग्लुकोज असते, म्हणजे ५०० मिलिलिटरमध्ये २५ ग्रॅम. ही झाली साधारण पाच-सहा चमचे साखर. त्यातून शरीराला जास्तीत जास्त १०० कॅलरी मिळतात. आपल्या घरातली ज्वारीची एक भाकरी याहून जास्त ताकद देते, आणि भाकरीतून प्रथिने, लोह आणि तंतूही मिळतात. बाटलीत यातले काहीच नसते.

मग बाटली लावल्यावर बरे का वाटते? जुलाबाने शरीरातले पाणी आणि मीठ कमी झालेले असते, ते भरून निघते. शिवाय दोन तास शांत पडून विश्रांती मिळते आणि सोबतच्या इंजेक्शनने ताप उतरतो. फायदा खरा असतो, पण तो पाण्याचा आणि मिठाचा असतो. हेच पाणी आणि मीठ तोंडाने देता आले तर सुईची गरज काय?

आतड्याचे दार

जुलाबात नुसते पाणी प्यायले तर त्यातले बरेचसे बाहेर निघून जाते. रोगजंतूंमुळे आतडे पाणी शोषण्याऐवजी उलट पाणी सोडू लागते. "पाणी दिले की जुलाब वाढतात, म्हणून पाणी बंद करा" हा घातक समज त्यातूनच आला. या समजापायी अनेक लेकरांचे जीव गेले आहेत.

आतड्याच्या पेशींना मात्र एक खास दार असते. मीठ आणि ग्लुकोज दोघे बरोबर आले तरच ते दार उघडते. दोघे आत शिरले की त्यांच्या मागोमाग पाणीही आत ओढले जाते. आणि कॉलरासारख्या भयंकर जुलाबातही हे दार बंद पडत नाही. शास्त्रज्ञांना ही गोष्ट १९६० च्या दशकात उलगडली. ओआरएस या एकाच दारावर चालते.

म्हणून प्रमाणाला महत्त्व आहे. साखर फार झाली तर ती आतड्यातच राहते, उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक किंवा फार गोड सरबत जुलाबात देऊ नये ते यासाठी. मीठ फार झाले तर लहान बाळाला तेही धोक्याचे असते.

बनगावची छावणी

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. रुग्णालयाच्या जमिनीवर माणसे दाटीवाटीने पडलेली होती, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा मोठा निर्णय घेतला. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे तयार करून त्यांनी ते पाणी ड्रममध्ये कालवले आणि रुग्णांना तोंडाने पाजायला सुरुवात केली. पाजायला नर्स पुरणार नव्हत्या, म्हणून हे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. आयांनी, भावांनी, बायकांनी कपाने पाजले. तोवर तिथे शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत होते. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण चारच्याही खाली आले.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हा उपाय जगभर नेला. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. निर्वासित छावणीतल्या अडाणी समजल्या गेलेल्या माणसांनी जे केले, ते आपल्या वस्तीतली कोणतीही माउली करू शकते.

ओआरएस कसे करावे, कसे द्यावे

मेडिकलच्या दुकानात एक लिटरचे पाकीट साधारण वीस-पंचवीस रुपयांना मिळते. आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. पाकिटावर "डब्ल्यूएचओ" सूत्र असल्याचे लिहिलेले आहे का ते पाहा. गोड पेयांच्या खोक्यांवर "ओआरएस" हे नाव टाकून विकण्याचा प्रकार अनेक वर्षे चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. तयार खोक्यापेक्षा पावडरचे पाकीटच घ्यावे.

हात साबणाने धुवा. पाणी उकळून गार केलेले घ्या. पाकिटावर एक लिटर लिहिले असेल तर एक लिटरच पाण्यात पूर्ण पाकीट टाका. अर्धे पाकीट पेल्यात, अर्धे उद्यासाठी, असे करू नका, कारण त्यात प्रमाण बिघडते. लहान २०० मिलिलिटरची पाकिटेही मिळतात. केलेले पाणी झाकून ठेवा आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्या. ते पुन्हा उकळू नका.

पाकीट नसेल तर घरी असे करा: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहा. ते डोळ्यातल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये.

दोन वर्षांच्या आतील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप द्यावे. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्या माणसाने पिता येईल तेवढे प्यावे. बाळाला चमच्या-चमच्याने पाजा, बाटलीने नको. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा आणखी हळू सुरू करा. उलटी झाली म्हणून पाजणे बंद करू नका.

अंगावरचे दूध चालू ठेवा. जेवणही बंद करू नका. मऊ खिचडी, भाताची पेज, वरणाचे पाणी, ताक, केळे हे सगळे चालते. मुलांना चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्यायच्या असतात: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि सहा महिन्यांवरील मुलाला २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी हे चौदा दिवस पूर्ण करा. झिंकने आजार लवकर आटोपतो आणि पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा धोकाही कमी होतो. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना मनाने देऊ नका.

बाटली खरोखर केव्हा लागते?

सलाईन निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. योग्य वेळी ते जीव वाचवते. पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर घरी थांबू नका:

• रुग्ण सुस्त किंवा बेशुद्ध होतो आहे, त्याला पिताच येत नाही.
• डोळे खोल गेले आहेत, तोंड कोरडे आहे, बाळ रडले तरी आसवे येत नाहीत.
• पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू जागेवर जाते.
• सहा तासांत लघवी झालेली नाही.
• शौचात रक्त पडते आहे किंवा जोराचा ताप आहे.
• प्यायलेले सगळे उलटून पडते आहे.
• बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान आहे.

अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत असते. वाटेत शक्य असेल तर ओआरएस पाजत राहा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तिथे गरज असेल तर सलाईनही पैसे न घेता लावतात.

जुलाब नाहीत, नुसता अशक्तपणा आहे

वस्तीत बाटल्या सर्वांत जास्त लागतात त्या यासाठी. महिन्याकाठी एक बाटली लावून घेणाऱ्या मावशी प्रत्येक गल्लीत भेटतील. दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. कारण थकव्याचे मूळ दुसरीकडे असते. अंगात रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आणि आहार लागतो, मिठाच्या पाण्याने रक्त वाढत नाही. दोन आठवडे खोकला, बारीक ताप आणि वजन घटणे ही टीबीची लक्षणे असू शकतात. वारंवार तहान, वारंवार लघवी आणि थकवा असेल तर मधुमेह तपासला पाहिजे, आणि मधुमेहात ग्लुकोजची बाटली लावली तर साखर आणखी वाढते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला उगाच बाटली लावली तर पाणी फुप्फुसात साचून दम लागू शकतो. रोजच्या थकव्यासाठी ओआरएस पिणेही योग्य नाही. त्यात मीठ असते, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ते बाधते.

सुईचा धोका वेगळाच. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरतात. म्हणून सुई लावताना ती नवीन पाकिटातून आपल्यासमोर काढायला सांगा. तो आपला हक्क आहे.

पुढच्या वेळी "बाटली लावा" म्हणण्याऐवजी डॉक्टरांना विचारा, "अशक्तपणा कशाने आला आहे? कोणती तपासणी करू?" रक्ताची, साखरेची आणि थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

विहारात काय करता येईल?

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी स्वतः त्याच्या अंगावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. मग बुद्धांनी भिक्खूंना एकमेकांची शुश्रूषा करण्यास सांगितले. जुलाबाच्या रुग्णाची घृणा न करता त्याला पेला पेला पाजत बसणे हा आपल्या धम्माचाच भाग आहे.

यंदाच्या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर पंधरा मिनिटे यासाठी द्या. आशाताईंना बोलवा, एक लिटरचे माप दाखवा आणि सर्वांसमोर ओआरएस कालवून चाखायला द्या. महिला मंडळाने विहाराच्या कपाटात वीस पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या ठेवाव्यात. धोक्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावीत.

आणि पाण्याचा प्रश्न सोडू नका. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी पिऊन माणूस म्हणून आपला हक्क सांगितला. आज आपल्या दारात नळ आहे, पण त्याची पाइप गटारातून जात असेल तर तो हक्क अर्धाच मिळाला आहे. एका गल्लीत एकाच आठवड्यात तीन-चार घरांत जुलाब सुरू झाले तर वॉर्ड कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पाण्याचा नमुना तपासायला सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. गळती दुरुस्त होईपर्यंत पाणी उकळून प्या. जमत नसेल तर आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या आणून सांगितलेल्या प्रमाणात टाका आणि अर्ध्या तासानंतरच ते पाणी वापरा.