डबी उलटी करून वाचा

डिसेंबर लागला की पुण्यात सकाळी खोबरेल तेलाची बाटली थिजते. मग ती गरम पाण्यात बुडवायची, नाहीतर गॅलरीतल्या उन्हात ठेवायची, हा घरोघरचा उद्योग. खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं, म्हणून मे महिन्यात ते पाण्यासारखं असतं आणि थंडीत मेणासारखं. याच दिवसांत ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात आणि दुकानांत क्रीमच्या डब्यांपुढे गर्दी होते. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला, "यातलं चांगलं कोणतं?" मी म्हणतो, पुढचं चित्र राहू द्या, आधी डबी उलटी करा.

मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. पहिलं नाव बहुतेक वेळा पाण्याचं असतं. हो, पैसे मोजून आपण मुख्यतः पाणीच घरी आणतो! त्यात फसवणूक काही नाही, कारण कोरड्या त्वचेला पाणीच हवं असतं. पण नुसतं पाणी लावलं तर ते उडून जातं. ते धरून ठेवायला ग्लिसरीन लागतं. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं. मात्र कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन चोळलं तर ते त्वचेच्या आतलंच पाणी ओढायला लागतं. आपल्या आज्या त्यात गुलाबपाणी मिसळायच्या, त्यामागचं शास्त्र हे. ओढलेल्या पाण्यावर मग पांघरूण घालावं लागतं. ते काम पेट्रोलियम जेली करते, पातळ पॅराफिन करतं आणि कोकणातलं मुठेलही करतं. कोकमाच्या बियांचं हे तेल आपल्याकडच्या हवेत घट्टच राहतं, म्हणून त्याचे गोळे वळून ठेवता येतात. भेगाळलेल्या टाचांसाठी मी आजही तेच वापरतो. महागड्या क्रीमच्या यादीत 'कोकम बटर' असं नाव दिसलं तर ओळखा, हा आपला मुठेलाचा गोळा!

आता तेल आणि पाणी एका डबीत नांदायचं कसं? मिसळीवरची तर्री आठवा. कितीही ढवळा, ती पुन्हा वर येतेच. दोघांना बांधून ठेवणारा मध्यस्थ लागतो. पूर्वीच्या 'स्नो'मध्ये हे काम मोठ्या गमतीनं साधलेलं असे. मुंबईत १९१९ साली इब्राहिम पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणला. अशा स्नोमध्ये स्टिअरिक आम्ल असतं. त्यातल्या थोड्या भागाचा अल्कलीशी संयोग होऊन साबण बनतो आणि तो साबण उरलेलं आम्ल पाण्यात धरून ठेवतो. चेहऱ्यावर लावलं की पाणी उडतं, पातळसा थर उरतो आणि क्रीम 'नाहीसं' झाल्यासारखं वाटतं. म्हणून नाव 'व्हॅनिशिंग'. आपल्या वैद्यांचं शतधौत घृत हाही याच जातीचा प्रकार. तांब्याच्या भांड्यात तूप शंभर वेळा पाण्यानं धुतात. पाण्याचे बारीक थेंब तुपात अडकत जातात आणि रवाळ तुपाचं मऊ, पांढरं मलम होतं.

जिथे पाणी, तिथे बुरशी. ओली चटणी दोन दिवसांत आंबते, मग वर्षभर टिकणारं क्रीम न आंबता राहावं कसं? त्यासाठी पॅराबेन किंवा फिनॉक्सीइथॅनॉलसारखं टिकाऊपणाचं द्रव्य घालतात. 'केमिकल नाही' असं अभिमानानं लिहिलेल्या पाणीदार घरगुती क्रीमची मला जास्त भीती वाटते.

याच नावाचा आणखी एक उपयोग आहे. आपल्याकडच्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यामागे, कोणत्याही क्रमानं. फिनॉक्सीइथॅनॉल एक टक्क्याच्या वर घालायची परवानगी नाही. म्हणजे त्याच्यामागे लिहिलेलं केशर, बदाम, चंदन, सगळं फार तर एकेक टक्का. पुढच्या बाजूला मात्र केशराचं चित्र डबीभर!

एवढं सगळं शिकवणाऱ्याच्या घरात काय घडलं, तेही सांगतो. आमच्या वहिनी ओळखीतून मिळालेलं एक क्रीम चार महिने लावत होत्या. रंग उजळला, पुटकुळ्या गेल्या, सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. लावायचं थांबवलं तशी गालांची आग व्हायला लागली, चेहरा लालभडक झाला. तेव्हा मी ती डबी हातात घेतली. मागे काहीच छापलेलं नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा पाहताच स्टिरॉइडचं नाव घेतलं. ही औषधं सुरुवातीला चेहरा गोरा, नितळ दाखवतात आणि हळूहळू त्वचा पातळ करतात. २०१८ साली केंद्र सरकारनं अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करायला मनाई केली, पण बिननावाच्या डबीला कसली चिठ्ठी?

आमच्याकडे त्वचेवर निभावलं. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला; क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून गोरेपणा दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. डोळ्यांची प्रसाधनं सोडली, तर आपल्या नियमात दहा लाख भागांत एक भाग पारा चालतो, तोही नकळत आलेला असेल तरच.

वहिनींचा चेहरा निवळायला आठ महिने लागले. परवा तुळशीबागेत त्या भिंग काढून एका डबीची मागची बाजू वाचत उभ्या होत्या. दुकानदार कंटाळला होता. "भाऊजी," त्यांनी मला हाक मारली, "यात केशर त्या फिनॉक्सीच्याही मागे आहे हो!" आणि डबी परत ठेवून त्यांनी पेट्रोलियम जेली घेतली.