ढगाला मीठ, वस्तीला टँकर

मराठवाड्यात पावसाने ओढ दिली की सरकारला विमान आठवते. २००३ साली आठवले, २०१५ साली आठवले, २०१९ साली तर मंत्रिमंडळाने ३० कोटी रुपये मंजूर केले. कृत्रिम पाऊस! विमानाचे फोटो छापून आले, मंत्र्यांची निवेदने झाली. पण २०१५ चे विमान उतरल्यावर काय झाले? एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणून पाजावे लागले.

आम्ही विज्ञानाचे विरोधक नाही. बाबासाहेबांच्या अनुयायांना ते शोभणारही नाही. म्हणून आधी विज्ञान काय सांगते ते पाहू. ढगात मिठाचे वा कॅल्शियम क्लोराईडचे बारीक कण सोडले की त्यांच्याभोवती थेंब मोठे होतात. उंचावरच्या थंड ढगात सिल्व्हर आयोडाईड वापरतात. म्हणजे मुळात ढग हवा, तोही पाणी धरलेला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरच्या पर्जन्यछायेत २७६ ढग अभ्यासले. २०२३ साली निष्कर्ष आला की, योग्य ढग निवडल्यास सुमारे १०० चौरस किलोमीटर पट्ट्यात पाऊस १८ टक्क्यांच्या आसपास वाढतो. काम मोलाचे आहे, यात शंका नाही. पण १८ टक्के कशाचे? जो पाऊस पडणारच होता त्याचे. शून्याचे १८ टक्के शून्यच! २८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीतले प्रदूषण धुवायला विमान उडाले. हवेत ओलावाच नव्हता, पाऊस आला नाही.

आमचा खरा सवाल पुढचा आहे. समजा, पाऊस वाढला. तो कुणाचा? ज्याच्या नावे सातबारा त्याचा. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, तरी गायरान कसणारा आमचा माणूस अजून तलाठ्याच्या दारात उभा आहे. ढग जात पाहत नाही हे खरे, पण पाणी जमिनीवर उतरले की धरण, कालवा, ऊस या वाटेनेच जाते. वस्तीच्या वाट्याला टँकर येतो, आणि चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होत आली तरी त्या टँकरपुढच्या रांगेत आपला हंडा कुठे असतो, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

आणि हे ढग छेडायचे कुणाला विचारून? हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करू नये, असा आंतरराष्ट्रीय करार १९७८ पासून लागू आहे. व्हिएतनामवर अमेरिकेने ढग पेरून पाऊस पाडला होता, त्याची ती पार्श्वभूमी. भारतही त्या करारात आहे. परंतु देशांतर्गत प्रयोगांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. एका तालुक्यावर फवारले आणि शेजारच्या तालुक्यात पिके वाहून गेली, तर भरपाई कोण देणार? ग्रामसभेला तर कुणी विचारतही नाही.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याची आखणी केली, १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा केला. पडलेले पाणी अडवायचे कसे, वाटायचे कसे, हा त्यांचा विचार होता. आजच्या राज्यकर्त्यांना वाटपाचे नाव काढायचे नाही, म्हणून ते आभाळाकडे बोट दाखवतात.

पुढची निविदा काढण्याआधी सरकारने २०१५ आणि २०१९ चा हिशेब द्यावा. किती तास विमान उडाले, किती ढग पेरले, कोणत्या गावात किती मिलिमीटर पाऊस वाढला, हे मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे.