बारीपाडा : जिथे शेजारीच ‘सर’ असतात

गरिबी म्हटली की आपल्याला पैसे आठवतात, मग अनुदान आठवतं. पण आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, बारीपाडा नावाच्या छोट्या आदिवासी गावाने सुरुवात वेगळीकडून केली.

१९९० च्या सुमारास इथलं जंगल तुटलं होतं, पाण्यासाठी वणवण होती. गावातलेच एम.कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीमागे न लागता गावात राहिले. सगळ्यांनी मिळून नियम केले, दंड ठरवले, श्रमदानाने दगडी बांध घातले आणि सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं. विहिरींना पाणी आलं. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली.

पण नुसतं पाणी आलं म्हणजे पोट भरतं असं नाही. ते वापरायचं स्किल लागतं. गावाने भाताची चारसूत्री पद्धत घेतली. तूस-पेंढा शेतातच वापरायचा, गिरिपुष्पाचा पाला खत म्हणून घालायचा, रोपं ठरावीक अंतरावर लावायची आणि खताची गोळी चार चुडांच्या मधोमध खोल खोचायची. वरून फेकलेला युरिया बराचसा वाया जातो, गोळी मात्र हळूहळू विरघळते. साधं इंजिनिअरिंग! मग छोटा शेतकरी असे प्रयोग का टाळतो? कारण फसला तर वर्षाचं धान्य जातं. शेजारच्या बांधावर पीक उभं दिसलं, की ही भीती कमी होते. जे लेक्चरने होत नाही ते शेजाऱ्याने होतं.

दुसरं उदाहरण वनभाज्यांच्या पाककला स्पर्धेचं. ही २००४ पासून भरते. बायका रानभाज्या शिजवून मांडतात. कोणती भाजी कधी खुडायची, कडू कंद किती उकडायचा, वाहत्या पाण्यात किती ठेवायचा, हे आजीच्या हातात असतं. चुकलं तर विषबाधा. आजीला कोणी विचारलंच नाही, तर ते ज्ञान तिच्याबरोबर जाणार. स्पर्धेच्या निमित्ताने सुना-मुली विचारतात. जिला शहरात कोणी ‘अडाणी’ म्हणेल, ती इथे एक्स्पर्ट असते.

आपल्या हॉस्टेलवरही परीक्षेच्या आदल्या रात्री एम-थ्री शिकवणारा सीनियर फी घेत नाही. पुढे ज्युनियर तेच करतो. फरक इतकाच, की आपला पेपर राहिला तर एटीकेटी असते. त्यांना ती सोय नाही.

एनएसएस कॅम्पला जाताना खेड्यात काय शिकवायचं याची यादी आपण करतोच. यंदा तिथून काय शिकायचं, याचीही करू या!