दोष फुगलेल्या आतड्यात नव्हता

‘सकाळी चहा घेतल्याशिवाय मला होतच नाही,’ असं सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. श्रेय सगळं चहाला. पण जठरात काहीही पडलं तरी मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो, न्याहारीनंही मिळतो. या कामातल्या मज्जातंतूंवर आपली हुकमत चालत नाही, म्हणून ती स्वायत्त मज्जासंस्था.

मग आतडं मेंदूच हलवतो का? तसंही नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं. शरीराबाहेर काढलेला आतड्याचा तुकडाही काही काळ लाटेसारखा आकुंचन पावतो. मेंदूकडून येणारे तंतू फक्त वेग वाढवतात किंवा आवरतात.

हे जाळंच नसेल तर काय होतं? 1886 मध्ये कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दगावलेल्या दोन बाळांची हकिकत मांडली. मोठं आतडं प्रचंड रुंदावलेलं. दोष तिथंच, असं डॉक्टरांनीही धरलं आणि पुढं कित्येक वर्षं फुगलेला भागच कापला जाई; त्रास मात्र परत उद्भवे. खरा दोष खाली, गुदद्वाराजवळच्या साध्या दिसणाऱ्या अरुंद तुकड्यात होता. गर्भात मज्जापेशी वरून खाली सरकत जातात. इथवर त्या पोचल्याच नव्हत्या. तो तुकडा आवळलेलाच राहतो, मळ वर तुंबतो आणि वरचं चांगलं आतडं ताणलं जातं. अमेरिकी सर्जन ऑर्व्हार स्वेन्सन यांनी अरुंद तुकडा काढून चांगलं आतडं खाली जोडलं. ही शस्त्रक्रिया 1948 मध्ये प्रसिद्ध झाली.

साधारण 5000 बाळांत एकाला हा आजार असतो. म्हणून आयांना कळकळीनं सांगते: जन्मानंतर 48 तासांत बाळाला पहिली काळी, चिकट शी झाली नाही, पोट टरटरून फुगलं, हिरवी उलटी झाली, तर एरंडेलाचं बोट चाटवत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. (महिन्याभराच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला दोन-चार दिवस शी झाली नाही, पण झाली तेव्हा मऊ असली आणि बाळ खेळतं असलं, तर तो प्रकार वेगळा.)

दोष भलतीकडंच शोधण्याची खोड कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येते त्या आजारातही दिसते. ‘टेन्शन घेतोस म्हणून कोलायटिस झाला’ हा आरोप तर रुग्णाला घरच्यांकडूनच ऐकावा लागतो. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरही अल्सरेटिव्ह कोलायटिसला मनाचा आजार म्हणत. ताणानं आतड्याची गती बदलते, असलेला त्रास उफाळूही शकतो. पण अल्सरेटिव्ह कोलायटिसची सूज बिथरलेल्या प्रतिकारशक्तीमुळं येते. शौचातून रक्त जाणाऱ्या माणसाला ‘मन खंबीर ठेव’ एवढंच सांगणं मला क्रूर वाटतं. त्याची दुर्बिणीनं तपासणी व्हायला हवी.