आम्ल जमिनीत द्विदल चारा पिवळा का पडतो?

आता आपण चाऱ्याकडे येऊ. कोकणातल्या गोठ्यात बहुतेक वेळा काय असतं? भाताचा पेंढा. त्यानं पोट भरतं, पण त्यात प्रथिनं फार कमी. दूध टिकवायचं तर पेंड विकत आणावी लागते. द्विदल चारा घरी पिकला तर हा खर्च कमी होईल. पण लसूणघास पेरला की तो पिवळा पडतो. असं का?

याचं मूळ पावसात आहे. मुसळधार पाऊस जांभ्याच्या मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो, माती आम्लधर्मी होते. सामू ६ वरून ५ वर आला म्हणजे आम्लता दहापट वाढली, हे लक्षात घ्या. साधारण ५.५ च्या खाली ॲल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळं आखडतात. स्फुरद मातीतच अडकतो. लसूणघासाच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम जिवाणू तर आम्लता सोसतच नाहीत. गाठी नाहीत, म्हणजे हवेतला नत्र नाही. म्हणून पानं पिवळी.

आणखी एक. नत्र स्थिर करणाऱ्या विकराला मॉलिब्डेनम लागतं आणि आम्ल मातीत ते पिकाला मिळत नाही. १९४२ मध्ये ए. जे. अँडरसन यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या लोहयुक्त जमिनीत दाखवून दिलं, की अगदी थोडं मॉलिब्डेनम दिल्यावर क्लोव्हर सुधारतं. पण हात सैल सोडायचा नाही. चाऱ्यात ते जास्त झालं तर जनावराला तांबं कमी पडतं.

मग करायचं काय? आधी माती तपासा. अहवालाप्रमाणे चुनखडीची भुकटी पेरणीच्या काही आठवडे आधी मातीत मिसळा. त्यानं ॲल्युमिनियमचा त्रास कमी होतो आणि मॉलिब्डेनम मोकळं होतं. लसूणघासाच्या बियाण्याला त्याच पिकाचं जिवाणूखत चोळा, वर चुनखडीचा बारीक थर द्या. कळीचा चुना मात्र नको, जिवाणू मरतील.

आणि चुना परवडत नसेल तर? पीक बदला. स्टायलो आम्ल, हलक्या जमिनीत तगतो. चवळीही लसूणघासापेक्षा जास्त सोसते.

काम जमलं की नाही, हे कसं ओळखायचं? एक रोप अलगद उपटा, गाठ कापून बघा. आत लालसर गुलाबी रंग असेल तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.