भीमगीतांचा स्वर आणि ध्वनीची मर्यादा

पर्यावरण म्हटले की लातूरकरांच्या डोळ्यांसमोर एप्रिल २०१६ मधील मिरजेची पाणी-रेल्वे उभी राहते. आवाज हाही पर्यावरणाचाच भाग आहे, हे मात्र आम्ही शिक्षक वर्गात क्वचितच सांगतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; शाळा-रुग्णालयांभोवतीच्या घोषित शांतता क्षेत्रात ती ५० व ४० आहे. डेसिबलचे गणित फसवे असते. आकडा दहाने वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ५५ आणि ९५ यांत दहा हजार पटींचे अंतर पडते.

परंतु आमच्या वस्तीला हा विषय केवळ आकड्यांत सांगता येत नाही. इतरांच्या मिरवणुकीपुढे हलगी वाजवणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना स्वतःच्या वरातीत वाजंत्री लावण्याची मात्र मनाई होती. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत जून २०२३ मध्ये एका भीमसैनिकाची हत्या झाली. जयंती साजरी केल्याचा राग हे कारण तक्रारीत नोंदले गेले. म्हणून ‘आवाज कमी करा’ असे कोण, कोणाला आणि केव्हा म्हणतो, हे आम्ही पाहतो. वर्षभराचे भोंगे निमूट सोसणाऱ्यांनी १४ एप्रिललाच कान टवकारू नयेत.

तरीही प्रश्न उरतोच. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा असो की वामनदादा कर्डकांचे (१९२२–२००४) गायन, शब्द श्रोत्यांपर्यंत पोहोचावा, ही तेथे पहिली अट होती. डीजेच्या ठोक्यात नेमका शब्दच बुडतो. उरतो तो छातीवरचा दणका. आणि तो सोसणारे तान्हे मूल, हृदयविकाराचे आजोबा आपल्याच वस्तीतले असतात.

विनयपिटकात वर्षावासाची कथा आहे. पावसाळ्यात भटकणारे भिक्खू हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी तक्रार करणाऱ्यांना दोष दिला नाही. भिक्खूंना पावसाळ्यात एके ठिकाणी राहावयास सांगितले. सोण स्थविरास त्यांनी दिलेला वीणेचा दृष्टांतही प्रसिद्धच आहे : तार फार ताणली वा सैल सोडली, तर सूर लागत नाही.

गेल्या जयंतीस आमच्या वसतिगृहातील मुलांनी दोन हलग्या आणि एक ढोलकी घेऊन मिरवणूक काढली. दवाखान्यासमोर वाद्ये थांबवून त्यांनी हळू स्वरात त्रिसरण-पंचशील म्हटले. काही माजी विद्यार्थी रुसले. डीजेविना जयंती कसली, असे म्हणाले. त्यांच्याशी आमचे बोलणे अजून चालू आहे.